पंधरा मिनिटं

पुंता अरेनासला आज वारा असा
की चौकाचौकात दोर बांधलेत, धरून चालायला.
एदुविहिस मान्सिया आली ती सुनेचा दंड धरून,
दुसरा हात पोटावर,
आणि बसण्याआधी तिनं खुर्चीवर
प्लास्टिकची पिशवी पसरली.

निम्मं मला त्या पिशवीनंच सांगितलं.

गर्भाशय काढून नववा दिवस.
डाव्या कुशीत कळ, अंगात कणकण.
"आणखी काही?"
तिनं सुनेकडं पाहिलं. सुनेनं खिडकीकडं.
सून कॉफी आणायला गेली तेव्हा म्हणाली,
"गळतंय. दिवसरात्र.
लघवीला जाते नेहमीसारखी, तरी गळतंय.
चूक माझीच. रविवारी लोकरीचं पोतं सरकवलं मी."

रात्रपाळीला तंत्रज्ञ नसतो, सगळं मीच.
तिला फळीवर निजवलं, सुई लावली,
आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं:
औषध शिरेत गेलं की अंगभर ऊब पसरेल,
वाटेल, कपड्यातच झाली.
घाबरायचं नाही, नुसतं वाटतं, होत नसते.
ती हसली.
"पोरी, नऊ दिवस मला तेच वाटतंय.
आणि होत असते."

पहिली चित्रं मुकी.
ओटीपोटात डावीकडं थोडं पाणी,
करड्यात करडं. रक्त असेल, पू असेल,
चिरफाडीनंतरची साधी ओलही असेल.
घाई झालेला माणूस इथंच उठतो.
मूत्रपिंडाला मात्र घाई नसते.
ते औषध गाळून घेतं, थेंब थेंब खाली सोडतं,
आणि ते पांढरं कुठल्या वाटेनं जातं हे बघायचं तर
बसून राहावं लागतं. दहा मिनिटं. पंधरा.

काचेच्या अलीकडं मी.
पलीकडं ती, छताकडं डोळे, बोटं हलताहेत.
माईकवरून विचारलं, दुखतंय का?
"नाही गं. नातवाचा स्वेटर अर्धा राहिलाय.
टाके मोजतेय."

चौदाव्या मिनिटाला पांढरं उतरलं.
उजवी नळी सरळ मूत्राशयात, शहाण्या मुलीसारखी.
डावी वरून फुगलेली, येते, येते,
आणि जिथं गर्भाशयाची धमनी तिच्यावरून जायची,
जिथं चिमटा लागला असणार, दोरा आवळला असणार,
तिथं वाट सोडते.
पांढरं सांडतं. करड्या पाण्यात पसरतं.
तिथून केसाएवढी रेघ खाली,
योनीच्या शिवलेल्या टोकाशी.

गर्भाशयाची जागा रिकामी नव्हतीच.
आतडी केव्हाच खाली सरकून बसली होती,
शेजारी दिवा नाही बघून
गाद्या घेऊन शिरलेल्या बिऱ्हाडासारखी.

ओयार्सून डॉक्टर जिना चढून आले.
शस्त्रक्रिया त्यांचीच.
चष्मा काढला, पुसला, घातला. चित्र तेच.
"टाका माझा आहे," म्हणाले.
गाठी केवढ्या होत्या, रक्त किती गेलं होतं, मला ठाऊक होतं.
त्यांनी त्यातलं काही काढलं नाही, ते बरं वाटलं.
मग फोन उचलून वरच्या मजल्यावर
मूत्रविकारवाल्याला उठवलं.

तिनं हट्ट धरला, मला दाखवा.
नियमात बसतं की नाही, देव जाणे. दाखवलं.
तिचं बोट त्या रेघेवर, पडद्याला न टेकता.
"पोतं सरकवलं म्हणून?"
नाही.
"जिन्यावरून चढउतार केली म्हणून?"
नाही, बाई. नळीला टाका लागलाय. आतून.

बराच वेळ ती बघत राहिली.
बाहेर कुणाचा तरी पत्रा उडाला, आपटला.
"टाका? हात्तिच्या!
टाका चुकला तर लोकरीला कोण बोल लावतं?
तिथवर उसवायचं नि पुन्हा घालायचं."

आणि दाराकडं वळून,
बाकावर चार माणसं बसलेली असताना,
मोठ्यानं हाक मारली,
"यास्ना, कोरडं काहीतरी आण गं.
मी ओली झालेय."